अवेळी बसवलेले देव

आत्याबाई, आज सकाळी साताऱ्याहून एस.टी.नं पार्सल आलं. दोन सुती पातळं, एक बत्तीस रुपयांचं आणि एक तीसचं. शिकेकाई पाव किलो, दीड रुपया. नारळ सव्वा रुपयाचा, हलवून बघितला तर आत पाणी कमी. हळदकुंकवाच्या पुड्या. स्टँडवरून खोलीपर्यंत आणणाऱ्या हमालाला आठ आणे. पातळं मी घेतली असती तर चार-पाच रुपये नक्की वाचले असते. पण तुमचे चिरंजीव स्वतः दुकानात जाऊन बसले असतील, पदर उलगडून बघितला असेल, हे मनात आलं आणि किमतीचा राग गेला. सोबत तीन ओळींची चिठ्ठी होती. कोबाल्ट संपल्याचे समजले, बरे वाटले. आता न्हाऊन, देवांना न्हाऊ घालून, नवे नेसून तयार राहावे. रविवारी न्यायला येतो.

कोबाल्ट संपून पाच दिवस झाले. डॉक्टरांनी आंघोळीची परवानगी त्याच दिवशी दिली. मी अजून न्हायले नाही, आणि तुमचे देवही न्हायलेले नाहीत. हे त्यांना लिहिता येत नाही आणि इथं सांगलीत सांगावं असं कुणी नाही, म्हणून हिशेबाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा धाकटा पाळण्यात होता, यंदा तो मॅट्रिकला बसतोय. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. रहिमतपूरला आलेलं प्रत्येक पत्र मीच चुलीपुढं बसून वाचून दाखवायची, आणि तुम्ही भाकरी थापता थापता मधेच हात थांबवून, 'पुन्यांदा वाच' म्हणायचात. तसंच समजा. मी वाचतेय, तुम्ही ऐकताय.

मागच्या वर्षी न्हाताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. मला आधी तुमचीच आठवण झाली. थोरल्याच्या वेळी माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण तुमच्याकडंच झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध गोठलं, गाठ आली आणि अंगात ताप भरला. तुम्ही तव्यावर मीठ तापवलं, धडप्यात बांधलं, आणि न्हाणीतल्या दगडावर बसवून शेकत शेकत ती गाठ पार विरघळवलीत. मी ओरडत होते, तुमचं मनगट धरत होते. तुम्ही म्हणालात, "रड. लागंल तेवढं रड. पर माजा हात धरू नगंस." तुमच्या हाताखाली गाठ मऊ झाली आणि दूध वाहायला लागलं, तेव्हा तुम्ही माझ्याच पदरानं माझं तोंड पुसलंत. तर या गाठीलाही मी तेच केलं. रोज दुपारी घरात कुणी नसताना मीठ तापवायचं आणि शेकायचं. दसरा गेला, दिवाळी गेली. गाठ वाढली, कातडी आत ओढली गेली, तेव्हा यांना सांगितलं. डॉक्टर रागावले. इतके दिवस घरी बसून काय करत होता, म्हणाले. मी खाली बघत राहिले. मिठाच्या शेकाचं सांगितलं असतं तर कुणी शिकवलं हे विचारलं असतं, आणि त्या लोकांपुढं तुमचं नाव निघालेलं मला सोसलं नसतं.

ऑपरेशनमध्ये डावीकडचं सगळं काढलं. जखम भरल्यावर सांगितलं, आता कोबाल्टच्या मशीनचा शेक घ्यावा लागेल, पाच आठवडे, रविवार सोडून रोज. हो, इथंही शेकच म्हणतात. कुणी लाईट म्हणतात. रजा संपली म्हणून हे साताऱ्याला परतले. एका विधवा बाईंच्या घराची मागची खोली मिळाली, दवाखान्यात चालत जाता येईल अशी. साताऱ्याहून निघताना मी देवांची पितळी डबी बरोबर घेतली होती. सिद्धनाथ-जोगेश्वरीचा टाक, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. घरी हे उदबत्ती ओवाळतील, पण देवांना न्हाऊ घालायचं काही त्यांच्या हातून व्हायचं नाही. आणि तुम्ही डबी माझ्या ओटीत घातलीत तेव्हा एकच सांगितलं होतं, "ह्यास्नी कवा पारोसं ठिवू नगंस."

पहिल्या दिवशी मशीनवरच्या एका दादांनी टेबलावर निजवून माझ्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या. लेखणी गार लागत होती, एवढंच मला कळलं. मी छताकडं बघत होते. मग त्यांनी पथ्य सांगितलं. रेघांना पाणी लागू द्यायचं नाही, साबण नाही, तेल नाही, हळद नाही. रेघा पुसल्या तर शेक भलतीकडं बसेल. मी विचारलं, मग आंघोळ? ते म्हणाले, हातपाय धुवा, बाकीचं अंग ओल्या फडक्यानं पुसा, संपेपर्यंत आंघोळ बंद. त्यांनी ते इतकं सहज सांगितलं, जसं कुणी चहा बंद म्हणून सांगावं.

तुम्हाला आठवतं का, लग्न होऊन पहिलीच थंडी होती. पहाटे आडाचं पाणी अंगावर घ्यायचं मला धाडस झालं नाही. हातपाय धुतले, केस वर बांधले, लुगडं बदललं आणि देवापुढं बसले. तुम्ही गोठ्यातून आलात, माझ्या मानेमागं हात लावून बघितलंत आणि ताम्हन माझ्या हातातून काढून घेतलंत. "मान कोरडी हाय," एवढंच म्हणालात. दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. रात्री जेवायला मात्र पहिली भाकरी माझ्या ताटात घातलीत. त्या दिवसानंतर बाळंतपणं, अडचणीचे दिवस आणि हे ऑपरेशन सोडलं तर मी कधी पारोशी राहिले नाही. आणि आता पाच आठवडे.

पहिले काही दिवस डबी उघडलीच नाही. खिडकीत ठेवून लांबून हात जोडायचे. जेवण जाईना. अन्नपूर्णा डबीत कोंडलेली आणि मी पुढ्यात बसून घास गिळतेय, असं वाटायचं. एक दिवस तर ठरवलं की रेघा गेल्या तर जाऊ देत, एक तांब्या घ्यायचाच. मालकीणबाईंकडून कोमट पाणी आणलं. तांब्या उचलला, आणि मग धाकट्याची परीक्षा आठवली. पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं.

त्याच दुपारी पडल्या पडल्या मला नवरात्र आठवलं. रहिमतपूरला तुम्ही घट मांडायचात, विड्याच्या पानावर देव बसवायचात, आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात नाही. वरून माळ सोडायची, फुलानं पाणी शिंपडायचं, बास. मी नवी होते, मॅट्रिक झाल्याची थोडी मिजासही होती. मी विचारलं होतं, आवं आत्याबाई, म्हणजे नऊ दिवस देवच पारोसे? तुम्ही हसलात. तुमचं हसू मी मोजकंच बघितलंय. "देव बसला का त्यो पारोसा नस्तो," म्हणालात. "त्यो तपाला बसलाय."

माघ चालू होता. नवरात्र कुठल्या कुठं. तरी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पानं आणली, गव्हाचे दाणे पसरले, वर पानं मांडली. आता पारोशा हातानं देव बसवायचे कसे? डबी उघडली, पानाशी नेली आणि हळूच कलती केली. टाक सरकत पानावर आला, बाळकृष्ण त्याच्या मागोमाग. अन्नपूर्णा मात्र आडवी पडली. तिला पळीच्या दांड्यानं ढोसून ढोसून उभी केली, बराच वेळ लागला. मग लांबूनच देवांना सांगितलं, शेक संपेपर्यंत तुम्हीही बसा, मीही बसते. त्या रात्री जेवण गेलं.

हे मी फक्त एकीला सांगितलं. कुपवाडच्या एक बाई होत्या, माझ्याआधी त्यांचा नंबर असायचा. मुलगा तिथल्या कारखान्यात, तो फटफटीवरून सोडून कामावर जायचा. आम्ही दोघी एकाच बाकावर, दोघी पारोशा, केस चिकट झालेल्या. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर. त्या म्हणाल्या, "आमचं बरं हाय वैनी. फडक्यानं पुसला का झालं, आंघूळच लागत न्हाई." आणि अन्नपूर्णेला पळीनं उठवल्याचं ऐकून इतक्या हसल्या की आतले दादा बघायला आले. "म्हंजे तुमी बी बसला, देव बी बसलं," म्हणाल्या. "आता कुणाची तक्रार न्हाई." त्या हसल्या आणि मलाही हसू फुटलं. टाक्यांची जागा ओढत होती तरी.

आतलं काय सांगू. जाड दार आहे. दादा हात डोक्यावर ठेवायला लावतात. ऑपरेशनच्या बाजूचा हात वर जाताना डोळ्यांपुढं अंधारी येते. मंगळसूत्र गळ्यात चालत नाही, म्हणून मी ते उजव्या मनगटाला दोऱ्यानं गुंडाळायची. मग ते म्हणतात, हलू नका, आणि बाहेर जातात. दार लागतं. मशीन घुमायला लागतं. दुखत नाही, गरम लागत नाही, काहीच लागत नाही. पण त्या खोलीत कुणीही थांबायचं नाही असा नियम आहे. इतकं घातक आहे म्हणे ते, की डॉक्टरसुद्धा थांबत नाहीत. तिथं फक्त मी. नामस्मरण करायची, पण मधेच शब्द सुटायचा आणि वाटायचं, इथं देवालाही बाहेरच थांबवलं असेल.

दोन रविवारी हे येऊन गेले. संत्री आणली. स्टुलावर बसले, धाकट्याच्या अभ्यासाचं सांगितलं, नगरपालिकेच्या नळाचं सांगितलं. मी पदर सावरला की हे खिडकीकडं बघायचे. त्यांना मी दोष देत नाही. बायकोच्या अंगाचं काय विचारायचं असतं, हे कुणी शिकवलंय त्यांना? निघताना दारात थांबले, पथ्य सांभाळ म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून पिशवी उचलली.

कुपवाडच्या बाईंचा शेक माझ्याआधी संपला. त्या दिवशी त्या बाकावर बसूनच होत्या, मुलाची वाट बघत. घरी जाऊन पयलं डोक्यावरनं पाणी घेणार, म्हणाल्या. मग एकदम आवाज उतरवून विचारलं, "वैनी, तुमी बगितलं का तुमचं?" मी म्हटलं, हो, बघितलं की. त्या म्हणाल्या, "मी परवा लेकाच्या दाढीच्या आरशात बगितलं. करपल्यालं, सपाट. लय रडले. मग म्हनलं, हाय ते माजंच हाय." फटफटी आली. मागं बसून त्यांनी हात केला. त्यानंतर बाकावर मी एकटीच बसायची, आणि खोलीवर देवांपुढंही.

मी खोटं बोलले होते, आत्याबाई. मी बघितलेलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून आजपर्यंत एकदाही नाही. आधी पट्ट्या होत्या. मग रेघा आल्या आणि आंघोळ बंद झाली, तेव्हा मी रडले खरी, पण खाली बघायची गरजही संपली. चोळी अंधारात बदलायची, ओलं फडकं आतून फिरवायचं, दवाखान्यात छताकडं बघायचं. पारोसं राहण्याचा मला इतका आसरा होईल असं वाटलं नव्हतं. पाच दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले, आता न्हायला हरकत नाही, कोमट पाणी ओता, चोळू नका, शिकेकाई-साबण महिनाभर नको. मी हो म्हणाले आणि खोलीवर येऊन पानं बदलली. सुकलेली काढून नवी सरकवली, पळीनंच. देवांचं बसणं वाढवलं. त्यांना उठवायचं तर मला न्हायला हवं, आणि न्हायचं तर कपडे उतरवून दिवसाउजेडी न्हाणीत बसायला हवं. देवांना पुढं करून मी लपून बसले आहे.

उद्या रविवार. मालकीणबाईंना आज सांगून टाकलं की पहाटे बंब पेटवा. आता माघार नाही. हे पान मी वहीतून फाडणार नाही, कुठं पाठवणारही नाही. तुम्हाला जिथं पत्र पोचेल तो पत्ता माझ्याजवळ नाही, आणि खरं सांगायचं तर असता तरी यातलं अर्धंच लिहिलं असतं. माझं उघडं अंग ज्या हातांनी न लाजता धुतलं, ते हात एकट्या तुमचेच. म्हणून दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही असं तुम्हाला विचारते. उद्या तिथं माझा हात जाईल, तेव्हा डोळे उघडे ठेवू का मिटू, तेवढं उलट टपाली कळवा.