दोन फिरक्या परत पाठवल्या आहेत

१४ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. म्हणजे रागावशीलच, पण रागावून झाल्यावर पुढचे वाच. मेहुण्यांच्या मागे गळ-दोऱ्यांचे दुकान तू एकटी ओढतेस आणि हंगाम जवळ आला आहे, याची काळजी मला तुझ्यापेक्षा जास्त आहे. काळजीत पत्र सुचत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? दुकानाची पायरी उतरताना कठडा धरतेस ना, की गिऱ्हाईक बघेल म्हणून तशीच उतरतेस?

आता मुद्द्याचे. बेअरिंगची नवी फिरकी मिळाली. ती कोणा शहाण्याने बनवली ते कळव, म्हणजे माणूस धरून शिव्या देता येतील. माशाला भुलवायला गळावर सशाच्या लवेची माशी बांधायची म्हणजे काय करायचे असते? दोऱ्याचा फास करायचा, दोन पदरांत लव धरायची, खाली फिरकी अडकवायची आणि चुटकी मारून गरकन फिरवायची. पीळ बसला की ती केसाळ दोरी गळाच्या दांड्यावर गुंडाळायची, झाले माशीचे अंग. आयुष्यभर हेच करत आलो. तर ही बया एकदा सुटली की थांबायचे नाव नाही. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला तरी फिरतच होती. शेवटी दोरा तुटला आणि लव माझ्या चहात पडली. सूनबाईने विचारले की चहात केस कसले, मी म्हटले सशाचे. तेव्हापासून माझा कप ती वेगळा ठेवते.

त्याआधी तू पाठवलेली ती वाकड्या तारेची. तिला फिरकी म्हणणे म्हणजे सुतळीच्या तोड्याला दोरखंड म्हणण्यासारखे आहे. माझी जुनी होती ती झिजली असावी, तिच्यावरही दोरा टिकत नाही. हल्ली कोणाला वस्तू बनवायची अक्कल राहिलेली नाही.

दुसरी एखादी बघून पाठव. यंदाच्या माश्या दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. मी बांधतोच आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
दादा

२३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी काळजी पोचली. माश्या पोचल्या नाहीत.

गुडघा माझा आहे आणि कठडाही माझा आहे, मी काय धरते ते विचारू नकोस. तू सध्या सगळे सोडून फिरक्यांना धरले आहेस. बेअरिंगची फिरते म्हणून वाईट, तारेची फिरत नाही म्हणून वाईट. स्थळे पाहतानाही तू असाच होतास. एकीची मान उंच, दुसरीचे हसणे मोठे. शेवटी आईने वैतागून वहिनीला होकार कळवला आणि तुझे भले झाले. आताही मीच होकार कळवते. सोबत पितळी फिरकी पाठवली आहे. दोन तारांची, खाली जाड गोळा. तारा फास आपोआप उघडा ठेवतात, गोळ्याच्या वजनाने दोरा ताठ राहतो. हिच्यात खोड काढलीस तर मी तुझ्यात काढेन.

तयार माश्यांचा व्यापारी पुन्हा आला होता. त्याच्या माश्या मुंडावळ्या सुटलेल्या नवऱ्यासारख्या दिसतात, पण वेळेवर येतात. मार्चला नदी मासेमारीला उघडते आणि गिऱ्हाईक दारात उभे राहते, त्याला मी तुझी पत्रे विकू शकत नाही. त्याला अजून हो म्हटलेले नाही. अजून.

एक काम कर. ज्या माश्या बिघडल्या, ज्या दोऱ्या तुटल्या, त्या सगळ्या पाठव. फिरकीवाल्याशी भांडायचे तर हातात काही हवे.

सूनबाईला आशीर्वाद. तिची बाजू बरोबर आहे, कप वेगळाच ठेवावा. मोठ्यांनी लोभ करायचा असतो, तो करत राहा.
तुझी
बारकी

६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. माझ्या चष्म्याची काडी मोडली, म्हणून सूनबाईला सांगून लिहवून घेतो आहे. त्यामुळे या पत्रात तिच्याबद्दल काही नाही.

तुझे पितळी माप मिळाले. फिरकी म्हणवत नाही, किराणा दुकानात तराजूत टाकायचे ते असावे. मेजाच्या कडेवरून सुटून पायावर पडले, अंगठा सुजला आहे. फिरवले तर फिरते, नाही म्हणत नाही. पण लव बसत नाही. पीळ पडतो न पडतो तोच भुरूभुरू गळायला लागते, आणि अंग असे उघडेबोडके होते की माशीला खरूज झाली असे वाटावे. आणखी फिरवले की दोरा तुटतो. तुझ्या दोऱ्याच्या रिळातही आता शंका आहे. मेणही पूर्वीसारखे राहिलेले नाही.

सगळा बिघाड काडेपेटीत भरून पाठवला आहे. त्या फिरकीवाल्याच्या तोंडावर उपडी कर. आणि व्यापाऱ्याला एवढ्यात काही बोलू नकोस. त्याच्या माश्या एका पावसाळी दिवसाच्या आहेत. दुकानाचे नाव गेले तर परत येत नाही, आणि माझे काम गेले तर मी दिवसभर खिडकीत बसून काय करू? हे शेवटचे वाक्य लिहू नको म्हणून सूनबाईला सांगितले होते, तिने लिहिलेले दिसते.

सांभाळून राहा, आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सूनबाई, हे पत्र तूच वाचून दाखवणार. मधले काही गाळू नकोस, मला कळेल.

दादा, काडेपेटी उघडून भिंगाखाली ठेवली. फिरकीवाल्याशी भांडणार नाही. त्याची चूक नाही. रीळवाल्याची नाही, मेणवाल्याची नाही.

दोरा कारखान्यातून येतो तो पीळ घालूनच येतो. फिरकी त्याच बाजूला फिरवली तर तो आवळतो. उलट्या बाजूला फिरवली तर आधी तो स्वतःच उसवतो, लव धरत नाही, आणि तुझ्यासारखा हट्टी माणूस आणखी फिरवत राहिला की तुटतो. तुझ्या हातच्या जुन्या माश्या माझ्या खणात आहेत. सगळ्यांचा पीळ एका बाजूचा. काडेपेटीतला सगळा उलटा. चुटकी उजव्या हाताची असते तेव्हा असा पीळ पडत नाही, डाव्या हाताची असते तेव्हा पडतो.

तर मग उजवा हात कुठे आहे? चष्म्याच्या काडीखाली सापडला तर कळव. तीन फिरक्यांना, एका रिळाला, मेणाला आणि साऱ्या जगाच्या अक्कलेला शिव्या घातल्यास, पण बहिणीला एक ओळ लिहवेना. मी काय तुझा हात काढून घेणार होते?

आता रडगाणे नको. मी दुकानात डाव्या हाताने फिरवून पाहिले, गिऱ्हाइके बघत उभी होती. अंगठा पुढे ढकलू नकोस, आपल्याकडे ओढ. अवघड वाटते, पण पीळ सुलटा पडतो. पितळीवर तर पडतोच.

आणि एक सांगून ठेवते. कीव म्हणून मी एकही माशी विकत घेणार नाही. वाईट निघाली तर परत येईल, दादा असलास तरी. व्यापाऱ्याला महिनाअखेर सांगितली आहे.

डॉक्टरला दाखव. लोभ आहे म्हणूनच इतके बोलले.
बारकी

२२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

हे अक्षर डाव्या हाताचे आहे. लागेल तेवढे वाच, उरलेले तुझ्या मनाने लाव, नाहीतरी तू लावतेसच.

हिवाळ्याच्या तोंडी उजवी बोटे बधिर झाली. सकाळी कप धरला आणि तो हातात आहे की नाही ते मला खाली बघून समजले. जानेवारीचे पत्र कसेबसे चार दिवसांत लिहिले, मग पेनही धरवेना. डॉक्टर म्हणाले की मानेतली नस दाबली आहे, बोटे परत येतीलही, नाही येणारही. एवढे तर मी दवाखान्यात न जाताही सांगितले असते. तुला कळवले असते तर तू लगेच काम दुसऱ्याला दिले असतेस असे मला वाटले. नुसता बसलेला म्हातारा घरात कसा दिसतो ते मी आमच्या शेजाऱ्याकडे रोज बघतो. लोक त्याच्यासमोर त्याच्याचबद्दल बोलतात.

अंगठा आपल्याकडे ओढणे हे माणसाचे काम नाही, खेकड्याचे आहे. पण पीळ सुलटा पडला. बेअरिंगची आणि तारेची, दोन्ही फिरक्या परत पाठवल्या आहेत. पितळी ठेवली. मत बदललेले नाही, ती कुरूपच आहे. पण ती जड असल्यामुळे माझे बोट मध्येच अडखळले तरी ती तिकडे लक्ष न देता फिरत राहते. बेअरिंगची बोटाचा धक्का लागताच उधळायची.

सोबत माशी आहे. एकच. बाकीच्या मीच फाडल्या. ही पाण्यात बुडव, नखाने खरवड, दाताने ओढून बघ. लव निघाली तर व्यापाऱ्याला हो म्हण आणि मला तसे लिही. मला वाईट वाटेल, पण ते माझे मी बघेन. नाही निघाली तर किती हव्यात ते सांग, म्हणजे मी पहाटे उठून लागतो. उजेड चांगला असतो.

उत्तर बहीण म्हणून देऊ नकोस, दुकानदार म्हणून दे. पण लवकर दे. टपालवाला गल्लीच्या टोकाला दिसला की मी दारात जातो, आणि सूनबाई आतून विचारते की काही आले का. तिला रोज नाही म्हणवत नाही.
दादा