लाभ, दोन, तीन

गुरुवार. देवापाशी दिवा लावून लिहायला बसले.

नेहा, आमची सूनबाई, मीरूला शाळेतून घेऊन आली ती तोंड पाडूनच. मॅडमनी ठोकळे मोजायला सांगितले, तर पोरीने सुरू केलं, "लाभ, दोन, तीन..." सगळे हसले.

"आई, हे तुमचंच ना? अब मैं क्या बोलूँ उनको?"

माझंच. डबे भरताना मीरूला वाटी देते. तिचा खेळ होतो, मोजणंही येतं. धान्याच्या पहिल्या मापाला आमच्यात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. म्हणजे घरात बरकत राहते. पण ठोकळे म्हणजे धान्य नव्हे, हे चार वर्षांच्या पोरीला कसं कळावं? मला तरी कुठे सुचलं?

नेहा म्हणाली, वाटीचा खेळ आता बंद, शाळेतच शिकेल. फार लागलं मला. तेवढाच तर वेळ पोरगी माझ्याजवळ बसते.

रात्रीचे तांदूळ काढताना अन्नपूर्णेला मनात हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "एक." जीभ अडखळली. बरकतीचं काय, देव जाणे.

"आजी, तू चुकलीस!" मीरू ओरडली.

"नाही गं, आता असंच."

नेहा तिथेच पोळ्या लाटत होती. मग मीरू ताटं मांडायला लागली आणि थांबली. "मम्मी, माणसं मोजताना एक म्हणायचं की लाभ?"

मी नेहाकडे पाहिलं. उत्तर नेहाने द्यायचं होतं.

लाटणं थांबलं. "माणसांना लाभ," नेहा म्हणाली. "आणि धान्याला पण. ठोकळ्यांना एक. मॅडमना मी सांगते."

उद्या गव्हाचा डबा भरायचा आहे. मीरूला बसवीन.