हॉलच्या भिंतीलगतची नऊ फूट जागा

मी, चंद्रभान सुखदेव तायडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त आरेखक, राहणार बोरबन वस्ती, वलगाव रोड, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. बळजबरी करायलाही घरात माणूस असावा लागतो. थकलो आहे, पण थकवा म्हणजे भ्रम नव्हे, याची नोंद घ्यावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते मुलगा धम्मदीप, राहणार पुणे, याला मिळावे. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. वस्तीतली अकरा घरे चार वर्षांत बिल्डरकडे गेली, माणसे दूरच्या लेआउटात राहायला गेली. बारावे गेले तर मी कोणत्या तोंडाने रडू? मात्र घराच्या पश्चिमेची मोकळी पट्टी या घरात धरू नये. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

२. बँकेतली ठेव व माझी पत्नी, कैलासवासी म्हणत नाही मी, दिवंगत कौसल्या, हिचे दागिने मुलगी दीपमाला, राहणार अकोला, हिला द्यावेत. तिने कधी काही मागितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. याची मला लाज वाटते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती कामे पुरी करते.

३. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईची पेने ज्याला हवी त्याने न्यावीत. कोणी नेणार नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर वस्तीच्या हॉलच्या नकाशाची गुंडाळी आहे, ती रद्दीत द्यावी. का, ते सांगतो.

४. सन १९९८ मध्ये वस्तीला सांस्कृतिक भवन मंजूर झाले. वस्तीत आम्ही बौद्ध, शेजारी मुसलमान, पलीकडे कुणबी आणि माळी. प्रत्येकाला भवन आपल्या कार्यक्रमांना हवे होते. कार्यालयातले साहेब म्हणाले, तायडे, तक्रार येणार नाही असे काहीतरी काढा. मी तीन दारे काढली. तीन दिशांना तीन दारे, तीन सामानाच्या खोल्या, आठवड्याचे वार वाटलेले. कोणाला कोणाच्या दारावरून जावे लागू नये. साहेबांनी पाठ थोपटली. नकाशा माझा, सही त्यांची. वर्षभरात तिन्ही दारांना तीन वेगवेगळी कुलुपे लागली. वंदनेला आलेली माणसे कव्वालीवाल्यांना दिसत नव्हती, हरिपाठाच्या बायका दोघांनाही नाही. भांडण झाले नाही हे खरे. भांडायला तरी समोरासमोर यावे लागते.

ही माझी चूक होती. त्या नकाशावर मी बढती घेतली.

५. हॉलची भिंत आणि माझे घर यांच्यामध्ये नियमाप्रमाणे माझ्याच प्लॉटात सोडलेले सामासिक अंतर, म्हणजे बांधकाम न करता मोकळी ठेवायची पट्टी, आहे. सगळे त्याला नऊ फूट म्हणतात. दुपारी एकनंतर तिथे हॉलची सावली पडते आणि बोळातून वारा येतो. वैशाखात अख्ख्या वस्तीत बसण्यासारखी तेवढीच एक जागा. तिथे पंचवीस वर्षे बायका बसत आल्या. मी बोलावले नाही, उठवलेही नाही. वाती वळणे, तूर निवडणे, गोधडी शिवणे आणि साऱ्या जगाला नावे ठेवणे, हे तिथे चालते. मी खिडकीतून ऐकतो. जन्मभर माणसे एकत्र बसावीत म्हणून जागा काढत राहिलो. बसली ती मी कागदावर रेघसुद्धा न ओढलेल्या जागेत.

६. आता हॉलची देखभाल नव्या फ्लॅटवाल्यांच्या मंडळाकडे आहे. फाटक आले, चौकीदार आला, नोंदवही आली. वहीत नाव आणि फ्लॅट नंबर लिहावा लागतो. पट्टीत बसणाऱ्या सुंदराबाईने रेशनकार्डाचा नंबर लिहिला, तर परत पाठवली.

गेल्या मे महिन्यात कौसल्या गेली. घर लहान, ऊन पंचेचाळीस, माणसे येऊ लागली. म्हणून तासाभरासाठी हॉल उघडून मागितला. चौकीदार सज्जन होता. म्हणाला, सचिवसाहेबांची चिठ्ठी पाहिजे आणि साहेब नागपूरला गेले. मी काढलेल्या हॉलची किल्ली मला मिळाली नाही. बायकांनी सुपे उचलली, पट्टी झाडली, पाणी शिंपडले आणि कौसल्येला तिथे ठेवले. सावली यायची होती. तोवर सुंदराबाई आणि पट्टीतलीच जुलेखाबी चादर ताणून उभ्या राहिल्या. या दोघींचे दहा वर्षांपासून बोलणे नाही. त्या दिवशीही बोलल्या नाहीत. चादर मात्र खाली येऊ दिली नाही.

७. ती पट्टी मला वस्तीला द्यायची होती. वकील प्राजक्ताबाई म्हणाल्या, "काका, वस्तीच्या नावानं नाही होत. माणसाचं नाव लागते." ट्रस्ट करा म्हणाल्या. ट्रस्ट म्हणजे अध्यक्ष, अध्यक्ष म्हणजे पाटी, पाटी म्हणजे दार. ते मी एकदा करून बसलो आहे.

म्हणून ती पट्टी मी पुढील तिघींना अविभक्त व समान हिश्शाने देत आहे : सुंदराबाई, जुलेखाबी आणि इंदूबाई. तिघीही शेजारणी. सुंदराबाईच्या कुरडयांचे अख्खे वाळवण जुलेखाबीच्या बकरीने खाल्ले, तेव्हापासून अबोला आहे. एकमेकींपासून हातभर अंतरावर बसून त्या इंदूबाईमार्फत बोलतात. इंदूबाई निरोप पोचवताना आपल्या पदरचे घालते, त्यामुळे दोघीही तिच्यावर चिडलेल्या असतात. मी ठरवलेले सांगितले तेव्हा सुंदराबाई म्हणाली, "इंदे, तिले सांग, तिच्यासंगं माह्यं नाव कागदावर नाई पायजे." जुलेखाबी म्हणाली, "उसको बोल, मेरा नाम पहले लिखना."

विक्रीला तिघींच्या सह्या लागतील. या तिघींचे कोणत्याही गोष्टीवर एकमत झालेले मी पाहिले नाही. माझा सारा भरवसा त्यावर आहे. एकीच्या पश्चात तिचा हिस्सा तिच्या मुलांना न जाता उरलेल्या दोघी ज्या बाईला बसवून घेतील तिला जावा. हे कोर्टात टिकणार नाही, दावा लागेल, असे प्राजक्ताबाईंनी बजावले आहे. लागू द्या. दाव्याला वीस वर्षे लागतात, तोवर बसतील.

परिशिष्टातला नकाशा मी काढला आहे. टेपचे दुसरे टोक इंदूबाईने धरले. भरली आठ फूट चार इंच.

८. धम्मदीप, हे तुझ्यासाठी. बिल्डरला घर नको आहे, पट्टी हवी आहे. त्याच्या गाड्यांचा रस्ता तिथूनच निघतो. पट्टीशिवाय तुला निम्मा भावही येणार नाही, आणि तुझ्यावर घराचे हप्ते आहेत, मुलींची शिक्षणे आहेत. मी तुझ्या ताटातले काढून शेजाऱ्यांना वाढत आहे. ते कळूनसवरून करतो आहे. बाप म्हणून मी तुझा अपराधी आहे, आणि तरीही हे बदलणार नाही.

दिवाळीनंतर फोनवर तुला सांगितले तेव्हा तू म्हणालास, "बाबा, नऊ फुटापायी अख्खं घर अडकवून राहिले तुमी." मग विचारलेस, "घर इकल्यावर मी कदी आलो, त त्या मले तिथं बसू देतीन काय?"

मी फोन ठेवून दिला. उत्तर आता लिहितो. बाळा, तो अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही. तू त्यांनाच विचार.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदारांच्या समक्ष सही केली, त्यांनी माझ्या समक्ष केली.

ठिकाण : अमरावती
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) चंद्रभान सुखदेव तायडे

साक्षीदार :
१. (सही) पंजाबराव महादेवराव इंगोले, निवृत्त शिक्षक, राहणार चांदूर बाजार
२. (सही) डॉ. नीलम संघपाल वानखडे, राहणार अमरावती