सुनेचं नोरेन

१२ एप्रिल

संदुकीत नाही! किमोनो आहेत, माझे कमरेचे पट्टे आहेत, डांबराच्या गोळ्या आहेत. मिहोकोचं नोरेन, लग्नात दारावर पडद्यासारखं टांगलेलं ते कापड, तेवढं नाही. तळाशी, पांढऱ्या कागदात गुंडाळून मी माझ्या हातांनी ठेवलं होतं. कागद आहे — नीट घडी घालून ठेवलेला. आतलं कापड तेवढं गेलं.

चोर कागदाची घडी घालून जात नाही. आणि त्या संदुकीला हात लावणाऱ्या घरात आम्ही दोघीच. मी, नाहीतर माझी सून.

१३ एप्रिल

विचारलं नाही.  दुकानातला टोफू मात्र आज छान जमला होता.

१६ एप्रिल

किनुए येऊन गेली. चार घरं पलीकडे राहते, शाळेपासूनची मैत्रीण, आणि शाळेपासूनच आगाऊ. दर वसंतात आमच्या गल्लीत घरोघरची लग्नातली नोरेनं बाहेर टांगतात, त्याची व्यवस्था यंदा तिच्याकडे आहे. म्हणाली, "फुसाए, तुझ्या सुनेचं ते बदकांचं दर्शनी लावू हं. गेल्या वर्षी तुमच्याकडे कियोहिकोचं तसं झालेलं, म्हणून मागितलं नाही." मी म्हटलं, बघू.

काय देखणं होतं ते. फिकट जांभळं रेशीम, खाली बदकांची जोडी, वर तिच्या माहेरचं चिन्ह — वेलीच्या फुलांचा घोस. तिचे वडील तेव्हा होते. आजारी होते, तरी स्वतः रंगाऱ्याकडे खेटे घालून करून घेतलेलं. लग्नाच्या दिवशी देवघराच्या दारात टांगलं. मिहोको डोकं वाकवून त्याखालून आत आली, आमच्या पूर्वजांपुढे बसली, आणि माझी झाली. मग आठवडाभरानं घडी घालून संदुकीत. त्याखालून एकदाच जायचं, पुन्हा कधी नाही. माझा मुलगा, कियोहिको, दाराशी उभा राहून हसत होता. त्याला मी ओरडले होते, असा वेड्यासारखा हसतोस काय म्हणून.

१७ एप्रिल

आज तिच्याशी धड बोलले नाही. तिला कळलं असणार. कळू दे.

२० एप्रिल

आता सगळं लक्षात आलं.

मिहोकोचा भाऊ आला होता, शिगेरू. मी आत सोयाबीन निवडत होते, ती दोघं बाहेर दुकानात. भिंत म्हणजे काय, फळीच. "शाळामास्तर आहे. बायको वारली, मूलबाळ नाही. माणूस सरळ आहे गं. किती दिवस सासूचे टोफू कापत बसणार तू?" मग हसून, "एवढं आहे, यावेळी नोरेन-बिरेन मागू नकोस. एकदा दिलंय. दुसऱ्यांदा कोण देतं?"

ती म्हणाली, "बघते, दादा."

बघते! म्हणजे आधी कापड माहेरी पोचतं केलं, आता मागोमाग माणूस जाणार. असा काही रिवाज नाही, ठाऊक आहे मला. पण जिच्या खालून ती या घरात आली ती वस्तूच गेल्यावर मी दुसरं काय समजू?

२१ एप्रिल

खांदा फार दुखतोय. हात कानाच्या वर जात नाही.

दुकानाच्या दारावरचं रोजचं नोरेन सकाळी तीच लावते, संध्याकाळी तीच उतरवते. कियोहिको गेला तेव्हा आम्ही दार बंदच ठेवलं होतं. सुतक संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते तर ही बाई एकटी सोयाबीन वाटत बसलेली. उजाडल्यावर काठीत नोरेन ओवलं आणि बाहेर लावून आली. मला एका शब्दानं विचारलं नाही. त्या दिवशी मी उठून भात खाल्ला. नाहीतर मीही गेलेच असते.

ती गेली की दुकानाचं नोरेन उतरलं. आणि मग ते काही पुन्हा लागायचं नाही. नवऱ्याच्या आजोबांपासूनचं आहे.

मला तिला जाऊ द्यायचं नाहीये. इथं लिहायला कसली लाज.

२७ एप्रिल

किनुए परत. "दे गं नोरेन, परवावर आलं." मी माझं काढून दिलं. जाडंभरडं सुती, निळं विटलेलं, त्यावर माझ्या माहेरचा करकोचा. किनुएनं तोंड वाकडं केलं. "आणि सुनेचं?" म्हटलं, कसर लागली.

मिहोको मागेच होती. खोटं ऐकलं तिनं. 

२९ एप्रिल

गल्लीभर रंगच रंग. मुंगीला जागा नाही. टोफू दुपारीच संपला.

कानाझावा शहरातून आलेल्या दोन बायका आमच्या दारात थांबल्या. एक म्हणाली, "हे तुमचं वाटतं? आणि सूनबाईंचं कुठंय?" मिहोको पाण्याच्या टाकीत हात घालून वड्या कापत होती. मला काय झालं कोण जाणे. म्हणाले, "तिनं माहेरी पाठवून दिलं. तरुण आहे, तिला पुन्हा लागेल."

तिचा हात थांबला. पाण्यात वडीचे दोन तुकडे झाले. इतक्या वर्षांत तिच्या हातून वडी मोडलेली मी पाहिली नव्हती.

३० एप्रिल

लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

सकाळी चहा घेताना तिनंच विषय काढला. आवाज चढवला नाही. "आई, नोरेन माहेरी नाहीये. त्यांच्याबरोबर गेलं."

मला कळेना. कुणाबरोबर?

आईबापानं पोराच्या दहनाला जायचं नसतं. म्हणून मी गेले नव्हते, घरात बसून होते. आणि त्याआधीही मला कुणी त्याला बघू दिलं नाही. गाडी बर्फावरून पुलाखाली गेलेली. बघू नका म्हणाले, मीही बघितलं नाही.

"तिथं गेल्यावर शवपेटी एकदा उघडतात," ती म्हणाली. "मी सगळ्यांना लांब उभं राहायला सांगितलं. चेहऱ्याला नुसतं पांढरं फडकं होतं. मला ते बघवेना. नोरेन सकाळीच पिशवीत घालून नेलं होतं, ते डोक्यापासून पायापर्यंत घातलं. बदकं छातीवर आली. छान दिसत होते ते, आई."

मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस?

"तुम्ही विचारलं असतंत ना मग, चेहरा कसा होता म्हणून. मला खोटं बोलता येत नाही."

सव्वा वर्ष हिनं ते एकटीनं पोटात ठेवलं. आणि मी काल परक्या बायकांपुढे असं बोलले. मी तिच्यापुढे डोकं टेकलं. ती म्हणाली, "असं काय करता, उठा. गुडघा दुखेल."

१ मे

दिवसभर रडले. दुकान तिनंच चालवलं.

४ मे

शिगेरूला काय सांगितलंस, असं आज विचारलं. म्हणाली, "नाही म्हणून सांगितलं. त्याच दिवशी, बसथांब्यावर. तुम्ही आत होतात, तुमच्या देखत दादाला तोडून बोलणं बरं दिसेना."

इतकं हायसं वाटलं! दुपारी दोन वाट्या भात खाल्ला. ती आहे, दुकान आहे, माझं म्हातारपण सुखात.

संध्याकाळी तिला दुकानाचं नोरेन उतरवताना पाहिलं. काठी खांद्यावर घेऊन ती जरा वेळ तशीच रस्त्यात उभी होती. समोरून एक जोडपं पोराला मधे धरून झुलवत चाललं होतं. गेलेल्या माणसांकडे बघतात, तसं ती त्यांच्याकडे बघत होती. बत्तीस वर्षांची आहे मिहोको. मी बत्तीसची होते तेव्हा कियोहिको शाळेत जायला लागला होता.

भात पचला नाही.

६ मे

"तो मास्तर कसा आहे गं?" म्हणून विचारलं. म्हणाली, "मला काय माहीत? आणि तुम्हाला टोफू कोण कापून देणार?" हसण्यावारी नेलं. पण लगेच नाही म्हणाली नाही.

१० मे

किनुएला सोबत घेऊन रंगाऱ्याकडे गेले. म्हटलं, लग्नातलं नोरेन करायचंय, रेशमी. म्हणाला, "कुणाचं लग्न, वहिनी?" मी म्हटलं, माझ्या मुलीचं. "तुम्हाला मुलगी कुठली?" किनुएनं त्याला कोपरानं ढोसलं. मग तो म्हणाला, "चिन्ह कोणतं घालू?" म्हटलं, आमचंच घाल, ओकची तीन पानं. माहेरचंच असतं ना ते.

आल्यावर स्टूल धुऊन दारापाशी ठेवलं. उद्यापासून दुकानाचं नोरेन मी लावणार. तिला म्हटलं, तू फक्त खाली उभी राहा, पडले तर धर.