दोघं एकाच गोलात

माय,
तुझा अभिमन्यू पायावर डोकं ठिवतो.

आमी कारखान्यावर बरे हाव. लॉकडाऊनमुळं रिचार्ज मिळंना, म्हणून ही चिठ्ठी बीडच्या ट्रकवाल्याजवळ देतोय.

काल पीठ आणायला गेलतो. दुकानापुढं चुन्याचे गोल आखलेत. मी अन् दिपाली एकाच गोलात उभं राहिलो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी एकच कोयता म्हणून मोजतात, इथंबी तसंच आसंल वाटलं. पोलिसानं काठी उगारली अन् दोघांनाबी रांगेतून हाकललं. परत नंबर लागंस्तोर पीठ संपलं.

करिष्मा नीट जेवती का? तिला सांग, आई-बाप पोटभर जेवले.

माय, एकच भाकर उरलीय. दिपाली म्हणती तुमी खा, मी म्हणतो तू खा. सकाळपासून तशीच पडलीय.

तुझा,
अभिमन्यू