भावाच्या कडव्याची जागा

४ डिसेंबर १९९७
कापूस दोन ओळी राहिला. पाठ धरली. आश्रमशाळेचे गुरुजी बांधावर येऊन उभे, हातात पेपर. "तुमच्या किसनचा फोटो आलाय." बघितला. माझाच भाऊ, पण कोटात. गुरुजी म्हणाले विलायती शास्त्रीय संगीतकार झाला, मोठा. गातो का? न्हाई. वाजवतो? न्हाई. मंग? कागदावर लिहितो, तीस-चाळीस माणसं बघून वाजवतात.
म्हणजे मुकादमच की.
किसन्या लिहाया येळ लागतो. पुढं नुसतं कि. लिहीन.

५ डिसेंबर
आमचे मालक, संगीचे बाप, विचारतात, लग्नात वाजवत्यात का त्याची माणसं? न्हाई. लोक खुर्च्यांवर गप बसून ऐकत्यात. "अन् पोट?" म्हणून हसले. लय राग आला. त्याला हसायचं तर मी हसीन.

१९ एप्रिल १९९८
कि. आला, चार सालांनी. आमच्या बाजाराच्या गोरेगावपर्यंत जीप, तिथून तांड्यावर पायी. वाळलाय. बसला न बसला तर पिशवीतून टेप काढला. "बाई, तुझा ढावलो पाहिजे."
पोरगी संगी विचारते, ढावलो काय असतो? आताच्या पोरींना बॅन्ड पाहिजे. सांगितलं तिला. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गायची. बापाचं कडवं, आईचं, शेवटी भियाचं, म्हणजे भावाचं. शब्द जिचे तिनं जुळवायचे. मला मावशीनं महिनाभर शिकवला. चुकलं की चिमटा.
कि.ला म्हणलं, मी काय आता नवरी हाय? उगं गायचं न्हाई ते. चहा पी.

२० एप्रिल
हटून बसला. मोठं काम लिहून राहिला म्हणे, पुण्याला व्हायचंय. बापाचं कडवं, आईचं कडवं ध्यानात हाय, लिहून झालं. भावाचं न्हाई. शेवट त्याच्यावरच, अन् तिथंच हात थांबतो. सहा महिने झाले.
न्हाईच असणार. म्या म्हणलंच न्हाई ते. सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं अन् भाऊ कुठं? सात वर्षांचं लेकरू. तुराट्यांच्या गंजीमागं बघितलं, आडावर बघितलं, हाका मारल्या. गाडी जुपलेली. तशीच गेले. ते कडवं पोटात राहिलं, त्याला सव्वीस साल झाले.
मला वाटायचं लेकराला बघवलं न्हाई म्हणून लपलं. सासरी पहिले दिवस त्या एका गोष्टीवर काढले.
आज बोलला. "लपलो नव्हतो बाई. छपरावर होतो. जवळून नुसतं रडणं ऐकू यायचं. वर गेल्यावर सूर ऐकू आला. सगळं तिथून सुरू झालं माझं."
मी रडून राहिले अन् हा सूर धरून बसला!
फुंकणी फेकून मारली. लागली न्हाई.

२१ एप्रिल
पहिल्या जीपनं गेला. घरातच बसले. संगी म्हणते, मामा मागं बघत होता.
बघू दे.

२ ऑगस्ट
निंदण. ओढ्यापल्याड बाया गात होत्या. फाटक्या आवाजाची ती सखू, तिचं ऐकवत न्हाई. मनात काय आलं, खुरपं टाकून उलटी चालत गेले, पार वरच्या बांधाला. शब्द गेले. सखूचा आवाज पण गेला. सूर तेवढा राहिला.
बराबर बोलत होता मेला. सातच वर्षांचा होता.
सखूनं हाक मारली, "काहून पळाली गं?" परत जाऊन खुरपं उचललं.

११ जानेवारी १९९९
पोस्टानं कॅसेट. तालमीची हाय. संगाट चिठ्ठी, मोठ्या अक्षरात, मला वाचता यावी म्हणून.
"बाई, काम झालं. तुझी जागा रिकामी ठेवली. तिथं वाजवणारे हात खाली घेऊन बसतात. पुढच्या महिन्यात पुण्याला होईल. आलीस तर खुर्ची हाय. न्हाई आलीस तर जागा तशीच राहील, दुसरं काही भरणार न्हाई."
चिठ्ठी डब्यात ठेवली. कॅसेट लावली न्हाई.

१२ जानेवारी
लावली. आधी काही कळंना. नुसती करकर, मला वाटलं घरचा टेप बिघडला. मंग व्हायलिनी एकदम खाली आल्या अन् मी हातातलं सूप ठेवलं. बापाचं कडवं! माझंच. मधी मी श्वास खाल्ला होता, मावशीनं गाडीजवळ बी चिमटा घेतला तिथं. तो श्वास पण घेतलाय त्यानं. छपरावरून ऐकू गेला व्हता का एवढा?
आईचं कडवं पुरं ऐकवलं न्हाई. बाहेर गेले, बैलाला पाणी दाखवलं, परत आले.
त्याच्यापुढं खरखर. बराच येळ काहीच न्हाई, मंग शेवटाची वाजंत्री. संगी म्हणते, "मधी कॅसेट कोरी ठेवली का मामानं?" गप बस म्हणलं.

१३ जानेवारी
तीनदा लावली. मालक म्हणतात, सेल संपत्यात. संपू द्या.

१५ जानेवारी
सगळे तुरीवर गेले. मी ताप हाय म्हणून राहिले. ताप न्हाई.
लावली. बाप झाला, आई झाली. खरखर आली. दार लोटलं अन् तोंड उघडलं. आवाज कसला, गंजलेली कडी. "भियाऽ" म्हणलं. मंग गाडी जुपलेली, अन् तू कुठं, हे म्हणलं. छपराचं तेवढ्यात सुचलं, ते म्हणाया गेले तर त्याची वाजंत्री सुरू!
पुन्हा लावली. पुन्हा तेच. छपरापाशीच तोडतो.
बापाच्या कडव्याएवढीच जागा ठेवली येड्यानं. भावाचं लांब असतं. ठावं कसं असणार, ऐकलंय कुठं त्यानं.
उद्या गोरेगावला जाऊन फोन लावते. जागा वाढव म्हणते. पुण्याला यायचं का न्हाई, ते मंग.