टोपड्याची मालकी

मी, व्यंकटराव लिंबाजी देवडे, वय वर्षे ६७, धंदा निवृत्त शिक्षक, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. दारू, अफू, भाऊबंद यांपैकी कुणाचाही अंमल नाही. वर्षभरापासून माझीच मला किळस आली आहे, आणि ती या कागदावर उतरल्याशिवाय मला मरायचे नाही.

कलम १. राहते घर व ओढ्याकाठची तीन एकर जमीन मुलगा बन्सीधर यास. घरावर 'येथे थोर साहित्यिक राहत होते' अशी पाटी लावू नये. लावल्यास गावकऱ्यांनी ती काढून चुलीत घालावी, लाकूड तरी कामी येईल.

कलम २. सत्कारांत मिळालेल्या एकोणीस शाली पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालाव्यात. बैलांनी निदान काम केलेले असते.

कलम ३. माझे शाईचे पेन पोस्टातील वैजीनाथ यास, कारण गावातल्या बायकांची पत्रे आता तोच लिहून देतो. एकच अट आहे. पत्र आधी कच्चे लिहून घ्यायचे असेल, तर तो कागद त्याच दिवशी फाडावा. मी फाडत नव्हतो. बाई सांगायची, मी वहीत उतरवून घ्यायचो, मग आंतरदेशीयावर पक्के करायचो. वह्या माळ्यावर राहिल्या आणि पुढचे सगळे त्यातून झाले.

कलम ४. माझी 'टोपडं' ही कादंबरी. हिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

१९७८ च्या पावसाळ्यात नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला. शाळा बंद होत्या. लोकांची घरे जळत होती आणि मी दाराला आतून कडी लावून माणुसकीवर कादंबरी लिहीत होतो. हेही एकदा लिहून ठेवतो.

त्या कादंबरीत ऊसतोडीला गेलेल्या बाईचे तान्हे लेकरू फडावर दगावते. मुकादम सुट्टी देत नाही. ती लेकराचे टोपडे कोयत्याच्या मुठीला बांधते आणि ऊस तोडत राहते. या प्रसंगावर मी तीन पाने भाष्य केले. प्राध्यापकांनी त्याला प्रतीक म्हटले. त्यांतल्या एकाने परकीय कादंबरीचा प्रभाव दिसतो असे छापले, तेव्हा मी भर सभेत सांगितले की व्यंकटराव देवडे कुणाचे उष्टे खात नाही. टाळ्या पडल्या.

पुढे माझाच विद्यार्थी भुजंग मुंबईत सिनेमे लिहू लागला आणि त्याने टोपड्याचा प्रसंग जसाच्या तसा पडद्यावर घातला. मी जाब विचारला तर पत्र आले, 'गुरुजी, सगळ्यांवर सगळ्यांचा प्रभाव असतो.' मी दावा ठोकला. प्रतिज्ञापत्रात शपथेवर लिहिले की हा प्रसंग सर्वस्वी माझ्या कल्पनेतून स्फुरला असून तो अन्यत्र कोठेही घडलेला नाही.

गेल्या वर्षी जत्रेत तंबूतल्या टॉकीजला तो सिनेमा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दैवशालाबाई दराडे माझ्या ओसरीवर आल्या. दरसाल दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात.

"गुरुजी, त्या बाईनं टोपडं बांधलं नव्हं का, ते म्याच तुमाला सांगितलं हुतं. पेडगावला आईला पत्र लिवलं तवा. पर सिनेमातली बाई त्याला मुके काऊन घ्यायली? माझ्या कोयत्याची मूठ तडकली हुती, हात सोलत व्हता. दुसरं फडकं न्हवतं."

मी हसून त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर माळ्यावर चढलो. १९७३ ची वही, गुढीपाडव्यानंतरचे पान. टोपडे, मूठ, मुकादम, सगळे होते. अक्षर माझे, शब्द त्यांचे. मी विसरलो होतो, असे म्हणता येईल. पण इतके सोयीचे विसरणे चोरालाच जमते.

कलम ५. भुजंगवरचा दावा बन्सीधरने काढून घ्यावा. त्याला माफ केले असे मात्र कुणी समजू नये. चोराच्या घरी झाली तरी चोरी ती चोरीच. त्याचा सिनेमा निदान गावात येऊन लागला. मी तर पुस्तकाची एक प्रत त्या बाईच्या दारात नेऊन वाचून दाखवली नाही.

कलम ६. 'टोपडं' चे सर्व हक्क व उत्पन्न दैवशालाबाईंना. पुस्तकावर त्यांचे नाव घालतो असे मी त्यांना जाऊन सांगितले. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माझं नाव कशाला? पंडितरावाच्या पोरीनं वाचून दावलं मला. समद्या पुस्तकात नुसतं लेकरू लेकरू हाय. तिला नाव हुतं की."

मी नाव विचारले.

"तुमीच लिवलंय, गुरुजी. पत्रात बगा."

मी पुन्हा माळ्यावर चढलो. तिसऱ्या ओळीत होते. सुली. कादंबरी लिहिताना बाकी सगळे उचलले आणि तेवढे एक गाळले, ते नाव मला गावंढळ वाटले असणार. तरी पुढील आवृत्तीत 'लेकरू' हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे सुली असे छापावे आणि माझी तीन पाने काढून टाकावीत. प्रकाशकाने कुरकुर केल्यास पुस्तक छापूच नये.

कलम ७. तेराव्याला भाषणे नकोत.

दसरा तोंडावर आहे. दैवशालाबाई फडावर जाण्याआधी हा कागद पुरा व्हावा म्हणून आजच, त्यांच्या देखत, साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: बोरी. दिनांक: २७ सप्टेंबर १९९१.

लिहून देणार: व्यंकटराव लिंबाजी देवडे (सही)

साक्षीदार:
१. पंडितराव तुकाराम घुगे (सही)
२. भगवानराव नामदेव चौधरी (सही)

दुरुस्ती: वरील मजकूर दैवशालाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "तुमचं समदं लिवलं, वय, गाव, तालुका. तिचं न्हाई लिवलं." बरोबर आहे. म्हणून कलम ६ मध्ये सुली या नावापुढे पुढीलप्रमाणे वाचावे:

सुलाबाई सुग्रीव दराडे, वय अकरा महिने, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.

(सही) व्यं. लिं. दे.